पांगतीनं जाळी उतरवली

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात लोणावळ्याच्या पठारावरचं गवत पिवळं पडू लागतं आणि पक्षी पाहणाऱ्यांची लगबग सुरू होते. भल्या पहाटे रस्त्याच्या कडेला गाड्या थांबतात. गळ्यात दुर्बीण अडकवलेली माणसं विजेच्या तारांकडे बघत उभी राहतात. तारेवर कबुतराहून लहान असा एक पक्षी असतो. पाटीसारख्या राखाडी अंगाचा, तांबूस मांड्यांचा, नारिंगी पायांचा. तो अचानक झेपावतो, हवेतच किडा पायात धरतो, उडता उडता पाय चोचीशी नेतो आणि खाऊन पुन्हा तारेवर येऊन बसतो. असं दोन-चार दिवस चालतं. मग एका सकाळी तारा रिकाम्या असतात. पक्षी पश्चिमेला गेलेला असतो, आणि त्या दिशेला कोकणाची पट्टी संपली की पुढचं झाड थेट आफ्रिकेत आहे.

हा अमूर ससाणा. वजन साधारण दीडशे ग्रॅम. चांगला पोसलेला हापूस आंबा याच्याहून जड भरतो. रशिया आणि चीन यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या अमूर नदीवरून त्याला हे नाव मिळालं. पूर्व सायबेरिया, ईशान्य चीन आणि मंगोलियाचा काही भाग इथे तो पिलं वाढवतो. तिकडे थंडी पडायच्या आत निघतो आणि आपला हिवाळा दक्षिण आफ्रिकेच्या गवताळ मुलखात काढतो; तेव्हा तिथे उन्हाळा असतो. जाऊन-येऊन वर्षाला २० हजार किलोमीटरांहून जास्त प्रवास होतो.

या प्रवासातला सगळ्यात थक्क करणारा टप्पा अरबी समुद्राचा. गरुडासारखे मोठे शिकारी पक्षी समुद्र टाळतात. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या गरम हवेच्या झोतावर ते पंख न हलवता उंच जातात, तिथून घसरत पुढचा झोत गाठतात. समुद्रावर असे भरवशाचे झोत नसतात, म्हणून ते लांबचा वळसा घेऊन जमिनीच्या कडेकडेनं जातात. अमूर ससाण्याचे पंख लांब, अरुंद आणि टोकदार. तो पंख मारत उडतो, आणि वाऱ्याची साथ असेल तर रात्रंदिवस उडतो. ही साथ त्याला नेमकी मिळते. पावसाळा सरला की अरबी समुद्रावरचा वारा दिशा बदलतो आणि आपल्या किनाऱ्याकडून आफ्रिकेकडे वाहू लागतो. शतकानुशतकं आपल्या बंदरांतून गलबतं याच वाऱ्यावर शिडं उभारून आफ्रिकेला गेली आणि नैर्ऋत्येचा वारा सुरू झाल्यावर परत आली. ससाण्याचं वेळापत्रकही असंच आहे.

वाटेत तो खातो काय? इथे आणखी एक प्रवासी येतो. ज्याला लहान मुलं ‘हेलिकॉप्टर’ म्हणतात त्या चतुर कीटकाची एक जात दर हिवाळ्याच्या तोंडाशी हजारोंनी मालदीवमध्ये उतरते. मालदीवमध्ये गोडं पाणी जवळजवळ नाहीच, आणि चतुराला अंडी घालायला तर गोडंच पाणी लागतं. मग हे कीटक तिथे करतात काय, असा प्रश्न तिथे राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाला पडला. २००९ साली त्यानं मांडलं की ते भारतातून निघून समुद्र ओलांडत पूर्व आफ्रिकेतल्या पावसाकडे चालले आहेत, आणि मालदीव हा त्यांचा वाटेतला थांबा आहे. त्याच दिवसांत, त्याच वाऱ्यावर अमूर ससाणेही तो समुद्र ओलांडतात. समुद्रावर ससाण्यांना वाटेतलं खाणं पुरवणारे हेच चतुर असावेत, असा त्याचा अंदाज आहे. खाली तीन हजार किलोमीटर खारं पाणी, वर एका वाऱ्यावर चाललेले कीटक आणि त्यांच्यामागून त्यांना खाणारे ससाणे. हे डोळ्यांपुढे आणायचा मी अनेकदा प्रयत्न केला आहे.

पण एवढी झेप घ्यायची तर आधी अंगावर चरबी चढवावी लागते. लांबच्या वाटेची शिदोरी पाठीवर नाही, अंगातच बांधून न्यायची. ती बांधायला हे पक्षी जिथे थांबतात ती जागा आहे ईशान्य भारत, आणि त्यातही नागालँडमधलं डोयांग नदीचं खोरं. ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढचे काही आठवडे तिथे पंख फुटलेल्या वाळवीचे थवे जमिनीतून बाहेर पडतात. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती घोंघावणारे आणि सकाळी पंख टाकून गेलेले किडे आपण पाहतो, तशीच ही वाळवी. तिच्या अंगात चरबी भरपूर असते. ससाणे दिवसभर खातात आणि संध्याकाळी लाखोंच्या संख्येनं एकाच परिसरात रातथाऱ्याला उतरतात. जगात एका जागी इतके शिकारी पक्षी क्वचितच कुठे जमत असतील.

डोयांगवर धरण आहे. ७५ मेगावॉटचा हा जलविद्युत प्रकल्प २००० साली सुरू झाला आणि नदीकाठची सुपीक जमीन पाण्याखाली गेली. शेती गेलेली माणसं मासेमारीकडे वळली आणि घरोघरी जाळी आली. धरण झाल्यानंतर हे पक्षी मोठ्या संख्येनं येऊ लागले, असं तिथले लोक सांगतात. वोखा जिल्ह्यातलं पांगती हे लोथा नागांचं गाव या जलाशयाच्या काठचं. शिकार तिथे पूर्वापार चालत आलेली. अशा गावाच्या रानात दर ऑक्टोबरला आभाळातून लाखो पक्षी उतरू लागले आणि हाताशी जाळी होतीच.

ऑक्टोबर २०१२ मध्ये चार माणसं तिथे पोहोचली. नागालँडच्या पत्रकार आणि निसर्गरक्षक बानो हरालू, बंगळूरचे रामकी श्रीनिवासन, नागालँडचेच रोकोहेबी कुओत्सू आणि मुंबईचे पक्षी-अभ्यासक शशांक दळवी. त्यांनी जे पाहिलं त्याचं चित्रीकरण केलं. रातथाऱ्याच्या वाटेवर झाडांच्या रांगांमध्ये मासेमारीची जाळी उभी ताणलेली होती. संध्याकाळी उतरताना आणि पहाटे उठताना पक्षी त्यात अडकत. जिवंत पक्षी मच्छरदाण्यांत कोंडून ठेवले जात. मग पिसं काढायची, धुरावर सुकवायचे आणि काठीला टांगून विकायला न्यायचे. या चौघांचा अंदाज असा की दिवसाला १२ ते १४ हजार पक्षी मारले जात होते आणि एका हंगामात १ लाख २० हजार ते १ लाख ४० हजार. माझ्या हिशेबानं हे वजन सुमारे २० टन होतं, आणि त्यातला एकेक पक्षी दीडशे ग्रॅमचा.

ती दृश्यं जगभर गेली आणि संतापाची लाट उठली. संताप येणं साहजिक होतं, मलाही आला होता. पण त्या संतापात एक गोष्ट दिसेनाशी झाली. पांगतीच्या माणसाच्या लेखी हा पक्षी कुठून येतो आणि कुठे जातो याला काही अर्थच नव्हता. तो दर वर्षी येत होता आणि कितीही धरला तरी पुढच्या वर्षी पुन्हा येत होता. तळ्यातले मासे धरावेत तसे ते आभाळातले पक्षी धरत होते. त्यातून मुलांच्या शाळेची फी निघत होती, तेल-मीठ येत होतं. पक्ष्याची सगळी वाट कोणी एकदा नकाशावर काढून दाखवली नसेल, तर त्यांना ती कळणार तरी कशी?

आता प्रश्न हा की थांबवणार कोण. देशाच्या वन्यजीव कायद्यानं ही शिकार तेव्हाही गुन्हाच होती. पण नागालँडमध्ये जमिनीचं गणित उर्वरित भारतापेक्षा वेगळं आहे. संविधानाच्या ३७१-अ या कलमानुसार, जमीन आणि तिथल्या साधनसंपत्तीची मालकी व हस्तांतरण, नागांच्या धार्मिक-सामाजिक प्रथा आणि त्यांचा पारंपरिक कायदा या बाबतीत संसदेचा कायदा विधानसभेनं ठराव केल्याशिवाय तिथे लागू होत नाही. आपल्याकडे जंगल म्हटलं की वनखात्याचं, हे मनात इतकं पक्कं असतं की तिथली स्थिती समजायला थोडा वेळ लागतो. तिथलं बहुतांश जंगल गावाचं, कुळाचं किंवा कुटुंबाचं आहे. रक्षक दारात उभा करून रान वाचवायचं, हा मार्ग तिथे फार पुढे जात नाही. गावबुढा म्हणजे गावचा मुखिया, गाव परिषद आणि ज्याची जमीन तो मालक यांनी ‘नाही’ म्हटलं, तरच ते ‘नाही’ ठरतं.

आणि त्यांनी असं ‘नाही’ म्हटल्याचं उदाहरण त्याच राज्यात होतं. कोहिमाच्या पश्चिमेला खोनोमा नावाचं अंगामी नागांचं गाव आहे. १८७९-८० मध्ये या गावानं ब्रिटिशांशी लढत दिली होती, तो अभिमान आजही तिथे जागा आहे. शिकार हा त्या अभिमानाचाच भाग. १९९३ मध्ये एका शिकारीच्या चढाओढीत तिथे ब्लाइथचे ट्रॅगोपन जातीचे सुमारे ३०० पक्षी मारले गेले. ट्रॅगोपन म्हणजे केशरी-तांबड्या छातीचा, ठिपक्याठिपक्यांचा, लाजाळू रानकोंबडा म्हणा ना. नागालँडचा तो राज्यपक्षी. इतके पक्षी एका झटक्यात गेल्यावर गावातल्याच काही जाणत्यांना धक्का बसला. वर्षानुवर्षं बैठका झाल्या, भांडणं झाली, शिकाऱ्यांना समजावणं झालं, आणि १९९८ मध्ये गावानं आपल्या मालकीच्या सुमारे २० चौरस किलोमीटर रानात शिकार आणि झाडतोड पूर्ण बंद केली. ते रान सरकारनं ताब्यात घेतलेलं नाही. आजही ते गावाचं आहे, आणि नियमही गावाचाच आहे.

पांगतीकडे मात्र खोनोमासारखी वर्षं नव्हती. पुढचा ऑक्टोबर यायला बारा महिनेही उरले नव्हते. त्या अवधीत झालेलं काम मला या गोष्टीतला सगळ्यात मोठा चमत्कार वाटतो, आणि त्यात दिखाऊ असं काहीच नाही. बानो हरालूंच्या संस्थेची माणसं गावात येत राहिली. त्यांनी ‘तुम्ही पापी’ असं म्हटलं नाही, पक्षी कुठून येतो ते सांगितलं. शाळांमधून मुलांची निसर्गमंडळं सुरू झाली. चर्चमधून हा विषय निघू लागला, आणि नागालँडमध्ये चर्चमध्ये बोललेल्या शब्दाला किती वजन असतं हे तिथे गेलेल्या कोणालाही ठाऊक आहे. वनखात्याची माणसंही आली. पण निर्णायक गोष्ट झाली ती गावाच्या बैठकीत. ज्यांच्या जमिनीवर रातथारा होता त्या मालकांनी एकत्र येऊन संघटना बांधली. गाव परिषदांनी ठराव केले की ससाणा धरायचा नाही, मारायचा नाही, विकायचा नाही, आणि मोडेल त्याला दंड. शेजारच्या आशा आणि सुंग्रो या गावांनाही या वाटेवर आणायचं होतं, कारण पक्ष्याला गावाची शीव कळत नाही. एका गावानं जाळी काढली आणि शेजारच्या गावानं लावली, तर सगळं व्यर्थ होतं.

मग ऑक्टोबर २०१३ उजाडला. पक्षी आले, लाखोंनी आले. आणि त्या हंगामात डोयांगच्या काठावर एकही अमूर ससाणा मारला गेला नाही. मागच्या वर्षी सव्वा लाख, या वर्षी शून्य.

निसर्गरक्षणाच्या गोष्टी बहुधा संथ असतात. एखाद्या जातीची संख्या वीस वर्षांत दुप्पट झाली तरी आपण आनंद मानतो. इथे एका वर्षात आकडा शून्यावर आला, आणि तोही पोलीस बंदोबस्तानं नाही. मागच्या हंगामात जाळं लावणारी माणसंच या हंगामात रातथाऱ्याभोवती पहारा देत होती. कोणत्या वाटेनं पक्षी उतरतो, पहाटे कोणत्या दिशेनं उठतो, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

या निर्णयाची किंमत मात्र खरी होती, आणि ती पांगतीनं मोजली. हंगामातली हमखास कमाई गेली. पर्यटक येतील, घरगुती मुक्काम चालतील, असं सांगितलं गेलं. पर्यटक आलेही. पण हा पक्षी तिथे काही आठवडेच असतो, आणि तेवढ्या दिवसांच्या पाहुणचारावर वर्षभराचा संसार चालत नाही. रस्ते वाईट, गाव आडबाजूला. बाहेरच्या जगानं पांगतीला ‘ससाण्यांची राजधानी’ म्हणून डोक्यावर घेतलं, त्या मानानं हाताला फार थोडं लागलं. मला वाटतं, आपण शहरांत बसून या गावाचं कौतुक करताना हा हिशेब आधी मांडायला हवा. तिथल्या एखाद्या कुटुंबाचं उत्पन्न घटलं म्हणून लोणावळ्याच्या तारेवर आपल्याला पक्षी दिसतो, इतकं हे सरळ आहे.

सगळीकडे असं सुरळीत झालं असंही नाही. शेजारच्या मणिपूरमध्ये तामेंगलाँग जिल्ह्यात हे पक्षी असेच उतरतात आणि तिथेही गावांनी शिकारबंदी स्वीकारली. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथल्या एका नराला ‘मणिपूर’ नाव देऊन त्याच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र बसवलं. काही दिवसांतच तो मेलेला सापडला. लोकांनी त्याच्यासाठी शोक केला आणि काम पुढे चालू ठेवलं. पुढच्या वर्षी तिथल्या आणखी पक्ष्यांवर यंत्रं बसवली गेली.

हे यंत्र बसवण्याचं काम भारतात पहिल्यांदा झालं ते पांगतीतच, शिकार थांबली त्याच हंगामात. नोव्हेंबर २०१३ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेचे आर. सुरेश कुमार आणि हंगेरीहून आलेले ससाण्यांचे जाणकार तिथे पोहोचले. त्यांनी तीन पक्षी धरले, आणि धरायलाही जाळीच वापरली. प्रत्येकाच्या पाठीवर ५ ग्रॅमचं, सूर्यप्रकाशावर चालणारं यंत्र बसवलं. दीडशे ग्रॅमच्या पक्ष्याला याहून जड काही पेलवणं कठीण. नावं ठेवली ती मातीतलीच. नराचं ‘नागा’, दोन माद्यांपैकी एकीचं जिल्ह्यावरून ‘वोखा’ आणि दुसरीचं गावावरून ‘पांगती’. मग त्यांना हातातून सोडून दिलं.

त्यानंतर जे कळलं त्यानं शास्त्रज्ञही चकित झाले. बंगालचा उपसागर ओलांडून, दख्खन पार करून, अरबी समुद्रावरून नागालँड ते सोमालिया. सुमारे ५६०० किलोमीटर, साधारण साडेपाच दिवसांत, मध्ये न थांबता. वेग ताशी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, म्हणजे आपल्या गावाकडच्या एसटीचा. मात्र ही एसटी पाच दिवस आणि पाच रात्री कुठल्याच थांब्यावर थांबत नाही. सगळेच ससाणे असं करत नाहीत. काही आपल्याकडे उतरून दोन घास जास्त खातात, लोणावळ्याच्या तारेवर दिसतात ते हेच. पण भरल्या अंगानं निघालेला पक्षी डोयांगच्या वाळवीवर आफ्रिकेपर्यंत जाऊ शकतो हे त्या वर्षी सिद्ध झालं. कोणत्या गावात त्याला किती दिवस निवांत खाऊ दिलं जातं, यावर त्याचं समुद्रापार पोहोचणं अवलंबून असतं हेही त्यातून कळलं.

यंत्रावरून येणाऱ्या ठिपक्यांची खबर गावापर्यंत पोहोचायची. आपला ‘नागा’ सोमालियात उतरला. आपली ‘पांगती’ आणखी दक्षिणेला गेली. ज्या देशांची नावं गावात कधी कोणी घेतली नसतील, तिथे आता गावाचं नाव फिरत होतं. आफ्रिकेच्या दक्षिणेकडे हे पक्षी कधी कधी शहरातल्याच निलगिरीच्या उंच झाडांवर हजारोंनी रात्र काढतात आणि दिवसा टोळ आणि वाळवी खातात. तिथल्या शेतकऱ्याचं पीक वाचवणारा हा पक्षी डोयांगच्या काठी पोसला गेला होता.

‘वोखा’च्या यंत्राकडून येणारे संदेश काही काळानं थांबले. ‘नागा’ आणि ‘पांगती’चे येत राहिले. एप्रिल-मेमध्ये वारा फिरला, आणि ते आफ्रिकेतून पुन्हा अरबी समुद्र ओलांडून, भारतावरून, चीनच्या वाटेनं आपल्या जन्मभूमीकडे गेले. उन्हाळा तिथे काढला. मग दक्षिणेकडे निघाले, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये नकाशावरचे ते दोन ठिपके पुन्हा डोयांगच्या खोऱ्यात येऊन थांबले. पाठीवर ५ ग्रॅमचं यंत्र घेऊन ‘पांगती’ ही मादी पांगतीच्या रानात संध्याकाळी रातथाऱ्याला उतरली. दोन वर्षांपूर्वी ज्या वाटेवर जाळं ताणलेलं असे, त्या वाटेवर तेव्हा झाडांमध्ये नुसती मोकळी हवा होती.